पिवळ्या वायरीच्या गाठी

जावई तसा लाखात एक होता, आणि मास्तरांच्या पोटात दुखत होतं ते त्याचंच.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. आठवडाभर दुकानात मापं घ्यायची आणि सुट्टीला घरात सोल्डरिंगची खटपट करायची, ही त्यांची जुनी हौस. त्यात त्यांचा लाडका म्हणजे बेडूक. बेडूक म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा एक डबा. गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की तो डराव डराव ओरडायचा. लेक आठ वर्षांची असताना बापलेकीनं मिळून केलेला. वायरचं रीळ घरात एकच, तेही पिवळं. मग कुठली वायर कुठली हे ओळखायचं कसं? शिंप्याचं डोकं ते, गाठी मारल्या! एक गाठ म्हणजे प्लस, दोन गाठी म्हणजे मायनस, बिनगाठीच्या टाकीकडे जाणाऱ्या. "कुणालाही सांगायचं नाही हं बाबा," असं लेकीनं बजावलं होतं. त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आणि आता हा जावई. दातांचा डॉक्टर, पण हौस तीच मेली! आल्या दिवशी सासूबाईंच्या कपाटात असा दिवा बसवून दिला, की दार उघडलं की लागतो, लावलं की विझतो. सासूबाई दिवसभर कपाट उघडतायत आणि लावतायत. "बाई बाई, काय हात आहे!" मास्तरांनी तिला आजवर नऊ वस्तू करून दिल्या होत्या. तेव्हा म्हणायची, "पसारा आवरा आधी." तेही मास्तरांनी गिळलं असतं. पण दिवा बसवताना लेक जावयाशेजारी मांडी घालून बसली होती आणि तो हात पुढे करायच्या आत त्याला हवं ते देत होती. ते पाहून मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ती जागा त्यांच्या शेजारची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडकाचा घसा बसला. डराव करायचं सोडून नुसता खरखरायला लागला.

"बाबा, याला बघू दे ना," लेक म्हणाली.

"बघा की जावईबापू. तुमच्यापुढं आम्ही कोण!" मास्तर हसून म्हणाले. आतून नुसता जाळ झाला होता.

जावयानं डबा उघडला, वायरी सोडवल्या आणि जुनी चिप काढून स्वतःजवळची नवी बसवली. "सगळ्याच पिवळ्या?" तो म्हणाला. आणि लेकीनं सांगून टाकलं! एक गाठ, दोन गाठी, बिनगाठीच्या, सगळं घडाघडा. मास्तरांनी दारातून ऐकलं.

मग वायरी सुट्याच ठेवून ती दोघं टाकीतल्या गंजलेल्या तारा घासायला गच्चीवर गेली. मास्तर डब्यापाशी आले. कितीसा वेळ लागतो? जन्मभर दोऱ्याशी खेळलेली बोटं. एक गाठ होती तिथं आणखी एक मारली, दोन होत्या तिथली एक सोडवली. होऊ दे फजिती दातवाल्याची. मग कौतुक करा म्हणावं.

दोघं खाली आली. जावयानं मीटर उचलला. "एकदा तपासून घेतो."

"मीटर कशाला?" लेक म्हणाली. "बाबांनी मारलेल्या गाठी आहेत. त्या कधी चुकायच्या नाहीत."

तिनं गाठी बघून भराभर वायरी जोडल्या. थांबा म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं, तोवर तिनं बटण दाबलं. फट् झालं, धूर निघाला, जळका वास सुटला.

"जाऊ दे, चिप दुसरी मिळेल," जावई सहज म्हणाला.

पण लेकीचा चेहरा पडला होता. "माझंच चुकलं. उलटं सांगितलं मी." ती मास्तरांकडे वळली, आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, आपली एवढीशी गोष्ट, तीसुद्धा विसरले मी. लग्नाला वर्ष नाही झालं आणि विसरले."

गप्प बसले असते तर निभावलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण ती रडत होती.

"तू नाही चुकलीस," मास्तर म्हणाले. "गाठी मी बदलल्या. तुम्ही गच्चीवर गेलात तेव्हा."

"का?"

मास्तरांनी जावयाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कळलं. जावई उगाच खोकला आणि पाणी प्यायला निघून गेला.

लेकीनं डोळे पुसले. कात्री घेऊन गाठींसकट वायरींची टोकं कापून टाकली. मीटर लावून एकेक वायर तपासली, कागदाच्या पट्ट्यांवर प्लस, मायनस, टाकी असं ठसठशीत लिहिलं आणि पट्ट्या वायरींना चिकटवल्या.

"आता कुणालाही कळेल," ती म्हणाली.

मास्तर तिथंच उभे राहिले. तिनं त्यांना जा म्हटलं नाही, आणि बसा असंही म्हटलं नाही.