रिकाम्या डब्याचं लाल निशाण

या, टेका जरा खांबाला. मी बोलतोय, अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातला, घरापुढचा पत्र्याचा टपालडबा. दुकानात असतानाच मला पोचा पडला आणि तेवढ्यावर भाव पाडून डेल्फीनमावशींनी मला घरी आणलं. पोचा पडलेला माल इमानी निघतो, हे माझ्याकडून शिका.

माझ्या कुशीला लाल निशाण आहे. पाठवायचं टपाल आत असलं की मावशी ते उभं करतात. ते पाहून टपालगाडीवरची लोरीन थांबते, टपाल नेते आणि मावशींच्या हृदयाच्या गोळ्या ठेवून जाते.

एकदा बातमी आली, गावचं टपालघर बंद होणार, लोरीनची फेरीही. दुसरं डोंगरापलीकडे, आणि मावशींना गाडी चालवता येत नाही. गोळ्या आणणार कोण? चर्चमध्ये प्रार्थना झाली. मग पाळकसाहेब म्हणाले, "उद्या टपालखात्याचे मोठे साहेब लोरीनबरोबर पाहणीला येताहेत. झाडून सगळ्यांनी निशाणं उभी करा. दिसू दे त्यांना!"

भाविक माणसं! निशाणं सगळी उभी, आत मात्र चिटोरंही नाही.

साहेब वैतागले. "डबे रिकामे आहेत, बाई. चला पुढं!"

"तसं कसं? निशाण वर आणि आत काही नाही, म्हणजे घरात कोणी पडलंबिडलं असेल. बघायला नको?"

लोरीन दार न् दार ठोठावत निघाली, साहेब मागोमाग. एका आजोबांनी टपालानं आलेली कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. दुसऱ्या घरी टपालानंच आलेली कोंबडीची पिल्लं त्यांच्या मांडीवर सोडली. सफरचंदाचं गोड पक्वान्न तर घरोघरी खावं लागलं.

आमच्याकडे येईतो ऊन कललं होतं.

"मेलं, पाळकसाहेबांनी निशाण सांगितलं, पत्र सांगायचं विसरले!" मावशी म्हणाल्या.

साहेब हसले. "देवाला साकडं घातलंत ना? मग काळजी कसली?"

"घातलं की. पण प्रार्थना वर पोचते, साहेब. गोळ्या दारात पोचवायला लोरीनच लागते."

साहेबांनी कोटावरचं पीस झटकलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

टपालघर राहिलं. अर्धाच दिवस उघडतं, पण उघडतं.

आता मला गंज चढलाय, दार करकरतं. तरी आज सकाळी पोटात गोळ्यांची बाटली खुळखुळली आणि बरं वाटलं. देवाचे उपकार, लोरीनचे उपकार, आणि आमच्या वेंधळ्या पाळकसाहेबांचेही. तुमच्या वाटेवरही माझा एखादा भाऊबंद उभा असेल. जाता जाता त्याच्या पोटात दोन ओळी टाका, एवढंच मागणं.