मोहरीएवढी

रहिमाबीनं लेकराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि धुळ्याच्या कोर्टाच्या ओट्यावर पुन्हा फेऱ्या सुरू केल्या. तीन दिवस तो झोपला नव्हता. दूध ओढायचा, सोडायचा, पाय झाडत रडायचा.

अडुसष्ट सालचा कापूस ऐन वेचणीत होता. ती शेतात जायची तेव्हा त्याला अफूची गोळी चाटवून झोळीत निजवायची. गल्लीतल्या साऱ्याच बाया तसं करत. तीन दिवसांपूर्वी हंगामभराच्या अफूची डबी घेऊन येताना तिच्या नवऱ्याला, कादरला, पोलिसांनी नाक्यावर धरलं. विकायचा माल, म्हणाले.

"जामीन राहायला माणूस मिळालं आहे," वकील म्हणाले, "पण डबी घरच्यासाठीच होती, हे साहेबांना पटलं पाहिजे. आत लेकराला गप्प करू नको. घरात कणभर अफू असती तर हा असा रडला असता का, एवढंच मी विचारणार."

जामीन राहायला सायरबाई पारोळ्याहून एस.टी.नं आली होती. दर दिवाळीला कादर तिच्या गाद्या पिंजून द्यायचा.

"किती रडवशील लेकराले? दे इकडं." तिनं लुगड्याच्या पदराची गाठ सैल केली. आत मोहरीएवढी काळी गोळी होती. "तुझ्या नवऱ्याले डबी लागली. आमचं आयुष्य एका गाठीत गेलं."

रहिमाबीनं गोळीकडे पाहिलं. लेकराची जीभ कोरडी पडली होती. पाच हातांवर हवालदार बिडी ओढत होता.

"अक्का, झाका ते."

"दुधात दे. घटकेत निजेल."

"म्हणूनच." तिनं स्वतःच्या हातानं ती गाठ बांधली. दोनदा.

कादरच्या नावाचा पुकारा झाला. ती आत गेली. कठड्यात कादर उभा होता, दाढी वाढलेली. लेकराचा आवाज ऐकून त्यानं जिभेनं टक् टक् केलं, घरी करायचा तसं. लेकरानं मान वळवली, एक हुंदका दिला आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकलं.

तो झोपला. त्याचा श्वास तिच्या मानेवर संथ, ऊन-ऊन लागत होता. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"साहेब," वकील वळत होते, "हे लेकरूच पाहावं."

रहिमाबीनं त्याच्या टाळूवर ओठ टेकले. मग हात दुपट्याखाली नेऊन त्याच्या मांडीला करकचून चिमटा काढला.

कादरनं तेवढंच पाहिलं.