दोन सेकंदांची थाप

मी सरांच्या मुठीतलं स्टॉपवॉच बोलतोय. घाईत बोलतोय, कारण एवढ्यात त्यांचा अंगठा पडेल आणि माझा चेहरा पुन्हा शून्य होईल.

कारखान्यात तपासलं तेव्हा माझ्यात तसूभर चूक निघाली नव्हती. मग पोरांना पळायला शिकवणाऱ्या या सरांकडे आलो. काळी दोरी, तळव्याचा घाम. दर रविवारी सर पालकांना बाकांवर बसवून चांगलं जगायचं कसं, ते शिकवतात. वेळेवर झोपा, मोजकं खा, स्वतःशी खोटं बोलू नका. पालक माना डोलावतात, काही तर वहीत उतरवून घेतात.

सोमवारी सर खोटं बोलतात. माझ्यावर दिसेल त्यात दोन सेकंद घालून ओरडतात, आणि कोणी जवळ यायच्या आत मला पुसतात. पोरं समाधानी झाली की संपतात म्हणे.

लांब टांगांचा एक पोरगा होता, सगळे त्याला उंट म्हणत; त्याने निवडीची वेळ चारदा गाठली होती. त्याला एकदाही कळलं नाही. एका सकाळी बूट कुंपणाला अडकवून गेला, तो गेलाच. सर म्हणाले, पोरात दम नव्हता. दम? आकडे माझ्याकडे होते, मास्तर.

आता काडी म्हणतात त्या बारीक पोरीची पाळी. आठशे मीटरला दोन मिनिटं दहा सेकंद हवेत. तीन आठवड्यांपूर्वी ती दोन-नऊमध्ये आली. सरांनी दोन-अकरा सांगितलं. तेव्हापासून ती दुखरी नडगी लपवून पळते. हाडाला चीर असेल, पळू नकोस, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. वडिलांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली.

आज तिने तोंड उघडलं. "सर, पाऊल टेकलं की डोळ्यांपुढे अंधारतं."

"पाय नाही गं, जिद्द दुखतेय तुझी."

कुंपणापलीकडून वडील म्हणाले, "पळ. सर काय उगाच सांगतील?"

ती शेवटच्या वळणावर आहे. डावा पाय टाकतेय की ओढतेय, कळत नाही. मला थरथरताही येत नाही.

पण एक गोष्ट सरांना ठाऊक नाही, कारण माझ्यासोबत आलेला कागद त्यांनी कधी उघडलाच नाही. पुसला जातो तो फक्त चेहरा. शेवटच्या शंभर नोंदी माझ्या पोटात राहतात. नवी आली की जुनी गळते. उंटाच्या गळून गेल्या. काडीची दोन-नऊची अजून आहे, तळाशी, गळायच्या बेतात.

अहो काडीचे बाबा, पोरगी पडायच्या आत हात पुढे करा. म्हणा, घड्याळ दाखवा. सरांना राग येईल, येऊ दे. उजवीकडचं छोटं बटण दाबा, आणि दोन-नऊ दिसेपर्यंत दाबत राहा.