गेरूखाली गेलेले गाव

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. जुनी म्हणजे तुमच्या आजोबांच्या घराची असते तेवढी नव्हे, चांगली अठराशे वर्षांची. वीतभर लांब, वीतभर रुंद आणि जेमतेम दोन-अडीच बोटे जाड. सध्या माझा मुक्काम न्यूझीलंडमध्ये, पापाकुरा स्टेशनजवळच्या एका घराच्या परसात, तुळशीच्या कुंडीखाली आहे. दरवर्षी मला गेरू लावतात, वर पांढरी नक्षी काढतात, हळदकुंकू वाहतात. एवढा मान मिळूनही ही कुरकुरते कशाला, असे तुम्हाला वाटेल. जरा ऐकून घ्या.

माझे गाव ट्रिअर. आजच्या जर्मनीत, मोझेल नदीच्या काठी. मी जन्मले तेव्हा तिथे रोमन लोकांचे राज्य होते. नदीकाठची चिकणमाती पायांनी तुडवून, लाकडी साच्यात दाबून त्यांनी मला घडवले. मी ओली असतानाच एका कामगाराने माझ्या पाठीवर भट्टीच्या मालकाच्या नावाचा शिक्का उठवला आणि मग मला भाजून काढले. तो शिक्का म्हणजे माझे आडनाव होते.

मला एका भल्यामोठ्या स्नानगृहात बसवले. आम्ही विटा एकावर एक रचून बुटके खांब केलेले, आणि त्या खांबांवर वरची फरशी. शेजारच्या भट्टीतली गरम हवा आमच्यामधून फिरे आणि वरची फरशी तापे. वर होडीतून दारूचे बुधले आणणारे व्यापारी, सैनिक, वकील अंग शेकत गप्पा ठोकत. खाली आम्ही काजळीत उभ्या. कोणी आमचे नाव घेतले नाही, पण त्याचे मला काही वाटले नाही. काम होते, ऊब होती, आणि गाव माझे होते.

आणि काय गाव होते! काळ्या पडलेल्या दगडांची प्रचंड वेस अजून उभी आहे. नदीवरच्या पुलाचे रोमन खांब आजही मोटारींचा भार वाहतात. काही काळ तर खुद्द रोमन सम्राट तिथे राहायला होते. मग राज्य ढासळले, टोळ्या आल्या, भट्ट्या विझल्या. पुढे गावच्याच लोकांनी स्नानगृहाचे दगड उपसून नेले आणि आपली घरेदारे बांधली. मी तळाशी होते म्हणून वाचले. शेकडो वर्षे अंधारात पडून राहिले. महायुद्धात वर बाँब पडले, गाव जळाले, आणि त्यानंतर पुन्हा बांधकाम सुरू झाले तेव्हा, १९५७ साली, मला उजेड दिसला.

त्या उत्खननात हौसेने माती काढायला आलेली चोवीस वर्षांची एक मुलगी होती. नायरी तिचे नाव. न्यूझीलंडची, शिक्षिका. तिने मला पुसले, शिक्का वाचला, आणि माझ्या कडेवर काळ्या शाईने बारीक अक्षरात गावाचे नाव, खड्ड्याचा नंबर आणि तारीख लिहिली. तशी पद्धतच असते. वस्तू कुठे सापडली हे लिहिलेले नसेल तर तिची किंमत रस्त्यावरच्या दगडाएवढी. एवढे सगळे नीट करून मग तिने मला गुपचूप आपल्या पिशवीत घातले आणि जहाजाने घरी आणले.

पुढची पस्तीस वर्षे ती मला वर्गात नेत असे. पापाकुऱ्याच्या मुलांच्या हातांतून मी फिरले. ‘किया ओरा, ब्रिक!’ असा इथला माओरी नमस्कार करत मुले माझ्यावर हात ठेवत. पण नायरी म्हातारी होत गेली तशी तिला चोरी बोचू लागली. शेजारी पुण्याहून आलेले कुटुंब राहत होते. रवींद्र इंजिनिअर, त्याची बायको नीता, आणि अकरा वर्षांची वल्लरी. वल्लरी शाळेतून आली की नायरीकडेच असायची. २००५ साली नायरीला वृद्धाश्रमात हलवायचे ठरले, तेव्हा तिने मला वल्लरीच्या हातात दिले.

“मी ही चोरून आणली,” ती म्हणाली. “मरायच्या आधी ती घरी गेलेली मला बघायची आहे. तेवढं करशील?”

वल्लरीने मान डोलावली. दोघींनी मिळून माझ्या गावातल्या संग्रहालयाला पत्र लिहिले. अठराशे वर्षांत मला परत बोलवा म्हणून कोणी कोणाला लिहिले नव्हते. त्या दिवशी मला जे वाटले ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

मला गॅरेजच्या फळीवर ठेवून वल्लरीने वडिलांना बजावले, “डॅड, डोन्ट टच इट, ओके? इट्स नायरीज.”

“हो हो,” रवींद्र म्हणाला. त्याचे डोळे लॅपटॉपवरच्या क्रिकेटच्या स्कोअरवर होते. मित्रांनो, हे ‘हो हो’ मी रोमन काळापासून ओळखते.

नोव्हेंबर उजाडला. वल्लरी शाळेच्या तीन दिवसांच्या कँपला गेली आणि इकडे तुळशीचे लग्न आले. जवळच्याच टाकानिनीत राहणाऱ्या सुमेधाताईंनी नीताला तुळशीचे रोप दिलेले. न्यूझीलंडात ते जगवायचे म्हणजे काचेच्या आड बाळासारखे सांभाळावे लागते, त्यामुळे नीताला त्याचे फार अप्रूप. कुंडी जमिनीवर कशी ठेवायची, खाली काहीतरी हवे, म्हणून ती गॅरेजमध्ये आली आणि मी तिच्या नजरेस पडले.

“अहो, ही बघा, अगदी मापाची आहे. पण किती कळकट!”

रवींद्र कामाला लागला. माणूस मनाने वाईट नाही, हे आधीच सांगते. पण आमच्या पुणेकर इंजिनिअरला डाग दिसला की हात स्वस्थ बसत नाहीत. त्याने हार्डवेअरच्या दुकानातून विटा धुण्याचे ॲसिड आणले. ते माझ्यावर ओतले, फेस आला. मग ड्रिलला तारेचा ब्रश लावला. आधी शाई गेली. गाव गेले, खड्डा गेला, तारीख गेली. मग त्याने मला उलटे केले आणि पाठीवरचा शिक्का ‘खरखरीत लागतोय’ म्हणून तोही सपाट केला. टोळ्यांना जमले नाही, बाँबला जमले नाही, ते त्याने अर्ध्या तासात, शीळ घालत केले.

वर नीताने पुण्याहून आणलेला गेरू फासला. दोन हात. वाळल्यावर चुन्याने स्वस्तिक काढले आणि दोन पावले पाठीमागे सरून म्हणाली, “आता कशी देवाच्या कामाची झाली!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परसात वीस-पंचवीस मंडळी जमली. ऊस मिळाला नाही म्हणून बांबू उभे केलेले. मंगलाष्टके सुरू असताना वल्लरी कँपहून परतली. वाटेत तिने पत्रपेटी उघडली होती आणि हातात जर्मनीचा लिफाफा होता. ती थेट गॅरेजमध्ये पळाली. फळी रिकामी. तशीच ती परसात आली, आणि लोकांच्या पायांमधून तिने मला पाहिले.

“डॅड, यू क्लीन्ड इट?”

“अगं, किती घाण होती त्यावर! कुणीतरी पेनने काहीबाही खरडलं होतं. बघ, कशी नव्यासारखी झाली.”

“दॅट वॉज द ॲड्रेस, डॅड.”

रवींद्र हसत होता, तो हसता हसता थांबला. बाकीच्यांना काही कळले नाही. कुणीतरी तिच्याही हातात अक्षता दिल्या. तिने त्या टाकल्या नाहीत, मुठीत धरून उभी राहिली.

पत्र आनंदाचे होते. तुमची वीट आम्ही आनंदाने परत घेऊ, शिक्क्याचा आणि कडेवरच्या नंबरचा फोटो तेवढा पाठवा, असे त्यात लिहिले होते. नायरीला नंबर आठवत नव्हता. आठवायला लागू नये म्हणूनच तर तिने तो माझ्यावर लिहिला होता. रवींद्रने आपल्या हाताने सगळे कळवले, चार वेळा क्षमा मागितली. उत्तर सभ्य होते. नंबर आणि शिक्का नसलेल्या विटा आमच्याकडे हजारोंनी पडून आहेत, त्यात आणखी एक घेता येणार नाही.

मग रवींद्र आणि वल्लरी मला घेऊन वृद्धाश्रमात गेले. नीताने डब्यात अनारसे दिले होते. नायरीने मला मांडीवर घेतले. कडेवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले, मग पाठ चाचपली.

“आय ॲम व्हेरी सॉरी,” रवींद्र म्हणाला.

“छान ठेवली आहे तुम्ही,” नायरी इतकेच म्हणाली. इथली माणसे रागातही सभ्य असतात. तिची बोटे गेरूने लाल झाली होती. तिने टिश्यू मागितला, एकेक बोट पुसले आणि टीव्ही लावला. वल्लरी तिच्या खुर्चीशेजारी बसून रडत राहिली, पण नायरीने मान वळवली नाही. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. चोर म्हणूनच गेली, हे तिचे दुःख, आणि ते कमी करणे माझ्या हातात नव्हते.

मित्रांनो, मी रागावले आहे आणि ते लपवत नाही. ज्यांनी मला मातीत फेकले त्यांच्यावर माझा एवढा राग नाही. ज्यांनी प्रेमाने घासले त्यांच्यावर आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला चकचकीत करण्याआधी विचारा, ही कुठली, कोणाची. ज्याला माहीत असते ते माणूस बहुधा घरातच असते. अकरा वर्षांचे असते, आणि त्याने तुम्हाला आधी सांगितलेलेही असते.

गेल्या वर्षी, २००९ साली, तुळशीच्या लग्नाला दूरच्या हॉर्नबी गावाहून आरुषी नावाची छोटी पाहुणी आली होती. ती उकिडवी बसली, माझ्यावर हात ठेवला आणि तिने रवींद्रला विचारले, “काका, ही वीट कुठली?”

आता पंधरा वर्षांची झालेली वल्लरी ताटात ओटीचे सामान मांडत होती. तिचा हात थांबला. रवींद्रने एकदा तिच्याकडे पाहिले, मग चुन्याच्या स्वस्तिकाकडे पाहिले.

“पुण्याची आहे, बाळा,” तो म्हणाला. “आमच्या जुन्या घराची.”

वल्लरीने ताट खाली ठेवले आणि ती आत निघून गेली.