गाण्यानं जागी होणारी पाटी

नांतगोख गावच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, मागच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. साठ माणसं, अंगावर ओले कोट, आणि कोपऱ्यातली शेगडी मुद्दाम थंड ठेवलेली. टेबलावर पाटीच्या दगडाचा वीतभर तुकडा होता, त्याला तांब्याची पट्टी गुंडाळलेली. भिंतीवरच्या तापमापकात पारा बारा अंशांवर.

"हा तुमच्याच डोंगराचा दगड," पाट्या विकायला आलेला टालफ्रिन रीस म्हणाला. कोट भारी, आवाज मधाळ, वेल्श बोली अगदी घरच्यासारखी. "कोट्यवधी वर्षांची ऊब पोटात घेऊन झोपलाय. विजेनं जागा होत नाही, गॅसनं होत नाही. मग कशानं होतो?"

"भूकंपानं?" बेरिल पोस्ट म्हणाली. तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं म्हणून तिचं नावच ते पडलं होतं. हशा पिकला.

"गाण्यानं, मावशी! दारं लावा आणि होऊ द्या!"

नांतगोखच्या माणसांना कुणी गायला सांगावं, मग त्यांना थांबवणार कोण? सगळे उभे राहिले. एकामागून एक स्तोत्रं खर्जापासून तारापर्यंत चारही आवाजांत चढत गेली. पाऊण तासानं पारा अठरावर होता. लोक कोट काढून हातात धरून उभे होते. कुणी डोळे पुसत होतं.

"आता एकेक पाटी घ्या आणि घर तापवणारे बॉयलर बंद करा!" रीस म्हणाला.

मागच्या बाकाजवळ नेरिस उभी होती. शेजारच्या गावात ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं दगडाकडे पाहिलंच नाही, खिडक्यांकडे पाहिलं. काचांवरून आतल्या बाजूनं श्वासांच्या वाफेचं पाणी ओघळत होतं. समजायचं ते तिला समजलं.

पण पुढच्या रांगेत तिचे वडील होते. इड्वलनी चाळीस वर्षं खाणीत हाच दगड फोडला होता. आई गेल्यापासून तीन वर्षांत त्यांच्या तोंडून एक सूर निघाला नव्हता. आज त्यांचा खर्ज लागला होता.

घरी सोडताना गाडीत, विकत घेतलेली पाटी मांडीवर घेऊन ते म्हणाले, "पाहिलंस ना, पोरी? आपल्या खाणीतला दगड!"

"पाहिलं, बाबा."

"मग अशी गप्प का?"

"थकलेय जरा."

रविवारी त्यांच्याकडे गेले की सांगू, असं तिनं ठरवलं. तो गुरुवार होता. शनिवारी सकाळी बेरिल इड्वलच्या घरी पाव द्यायला गेली, तेव्हा ते खुर्चीतच गेलेले होते. बॉयलर बंद, खोलीत सहा अंश. हृदय थंडीनं बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहिलं.

तीन आठवड्यांनी रीस पुन्हा आला. बाहेर बर्फ पडत होतं.

"इड्वल गेले, फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण एकट्याचा सूर दगडाला पुरत नाही. एकटं राहणाऱ्यांनी दोन पाट्या घ्याव्यात."

काही हात खिशांकडे गेलेसुद्धा. नेरिस उठली.

"रीससाहेब, आज दगड आत ठेवू, दार लावू, आणि आम्ही सगळे अंगणात गाऊ. दार म्हणजे नुसती फळी आहे, आवाज आत येईलच."

"दगडाला माणसांची श्रद्धा जवळ लागते, बाई."

"शेजारच्या खोलीतून गायलं तरी चालतं, असं तुमच्या पाटीसोबतच्या कागदावर छापलंय की," बेरिल म्हणाली.

"मावशी, त्या कागदाचं काय आहे..."

"कागद मी तीस वर्षं वाटलेत. मला नका शिकवू."

सगळे बाहेर गेले. रीसलाही जावं लागलं. अर्धा तास बर्फात गाणं झालं. दार उघडलं तेव्हा बाराचा पारा अकरावर आला होता.

मग नेरिसनं पाटी उचलून अंगणाच्या भिंतीवर ठेवली, माणसं आत घेतली, दार लावलं. पुन्हा तीच स्तोत्रं. पाऊण तासात पारा अठरावर. बाहेर पाटीवर बर्फाचा थर साचला होता.

"शेगडी तुम्हीच आहात," नेरिस म्हणाली. "नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातून शंभर वॉटच्या दिव्याएवढी ऊब निघते. उभं राहून गाताना त्याहून जास्त. असे साठ दिवे बंद दालनात! घरी मात्र तुम्ही एकटे असता."

बेरिल हळूच म्हणाली, "माझाही बॉयलर बंद आहे, पोरी. बिल परवडत नाही गं."

"आज घरी गेल्या गेल्या चालू करा, मावशी. सगळं घर नको, बसता ती एकच खोली तापवा. दाराखालची फट बुजवा, अंधार पडायच्या आत पडदे ओढा. अठराच्या खाली उतरू देऊ नका. सगळं घर तापवण्यापेक्षा बिल थोडंच कमी येईल, पण खरंच येईल. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर ती वस्तू बाजूला ठेवून तेच पुन्हा करून बघा. मी सांगतेय तेही तपासा."

रीस पेटी आवरत होता. जाता जाता म्हणाला, "एवढं कळत होतं, तर त्या दिवशी का नाही बोललात?"

नेरिसनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या रांगेत एक जागा मोकळी होती, तिकडे बघून ती म्हणाली,

"बाबा, मला त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही गात होतात, म्हणून मी बोलले नाही. गाडीत तुम्ही विचारलंत, तेव्हा मी थकलेय म्हणाले. थकले नव्हते, बाबा. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."