तुंब्यातली येरबा

एलिदाने येरबा प्यायचा तुंबा टॉवेलात गुंडाळला होता, टॉवेल पिशवीत घातला होता आणि पिशवी पोटाशी धरली होती. नदीकाठच्या रस्त्याने येताना दोघींनी विचारलं, "काय गं नेतेस, अंडी?" ती म्हणाली, "हो, अंडी." गावाला सगळं सांगत बसायची हौस तिला कधीच नव्हती.

ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला एक खोली होती. पुस्तकांना फारसं कुणी विचारत नसे, पण त्या खोलीत लोक घरच्या वस्तू आणून देत. वाळूच्या होडीवरचा कंदील, मोडकं वल्हं, शाळेतला दुधाचा डाव, बंद पडलेल्या मांस-कारखान्यातला रबरी बूट, तोही एकाच पायाचा. खोली मारीएला सांभाळायची. वस्तूंना ती जीव लावायची, हे गावाला माहीत होतं, आणि गाव तिला त्यावरून चिडवतही असे.

एलिदाचे गुडघे गेले होते. मुलगी सुसाना पुढच्या आठवड्यात तिला मोन्तेविदेओला, आपल्या घरी नेणार होती. सुसाना मनाने चांगली, पण टापटिपीची मोठी. सुट्टीला आली की फडताळातल्या तुंब्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आई, त्यात किडे झाले असतील गं. टाकून दे की." आपण आंघोळीला गेलो की ही पोरगी तुंबा रिकामा करणार, याची एलिदाला खात्रीच होती. म्हणून तो इथे आणला.

"बसा, दोन्या एलिदा," मारीएला आदराने म्हणाली. "पाणी गरम आहे. तुम्हीच ओता, मला लिहायचंय. तुमच्या हातची येरबा मिळाली म्हणजे आज माझी चैन."

"लोणी लावू नकोस, पोरी. थर्मास सरकव इकडे."

टेबलावर ग्रंथालयाचा, येरबाच्या पानांनी भरलेला तुंबा होता, गरम पाणी ओतून ओढायला वाकडी नळी खोचलेला. त्याच्या शेजारी एलिदाने आपला ठेवला. त्यात वाळलेली येरबा गच्च बसली होती आणि नळी जशीच्या तशी उभी होती. ग्रंथालयाच्या तुंब्यात पाणी ओतून तिने पहिला, कडू घोट स्वतः घेतला, दुसरा मारीएलाला दिला आणि सांगायला लागली.

"पुराचं साल. सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात पीत बसलो होतो, मी नि माझा लेक मिल्टन. मी ओतत होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, बेटावर गुरं अडकलीत, चल. त्याने दोन घोट घेतले, तुंबा खाली ठेवला नि म्हणाला, राहू दे तसाच, आलोच."

"मग?"

"मग काय. होडी उलटली. बरोबरचे दोघे सापडले. हा नाही सापडला."

मारीएलाचं लिहिणं थांबलं.

"ग्रासियास म्हणाला नाही तो," एलिदा म्हणाली. "तू सांग, आपल्यात ग्रासियास म्हटल्याशिवाय पिणं संपतं का? पिणारा तसं म्हणेपर्यंत ओतणारीने ओतत राहायचं. तो म्हणाला नाही. पाद्री म्हणाला प्रार्थना करून घ्या, मी करून घेतली. पण हा तुंबा रिकामा नाही केला."

पुरानंतर तिने स्वतःही तो आभाराचा शब्द तोंडातून काढला नव्हता. कुणाकडे प्यायला बसली आणि पुरे झालं, की दूध उतू जाईल म्हणून उठायची. बायका मागे हसायच्या, कारण एलिदाच्या घरी दूध नसायचंच.

"हात नाही ना लावू देणार कुणाला?" तिने विचारलं.

"काचेचं कपाट आहे, कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे. हा तुंबा कुणी रिकामा करणार नाही. माझा शब्द."

एलिदाच्या छातीवरचा दगड उतरला. दगड उतरला की माणूस बोलतं, तशी ती बोलत सुटली. मिल्टन कसा बेसूर गायचा, एकदा ओले बूट वाळावेत म्हणून त्याने ते पावाच्या भट्टीत कसे ठेवले. मारीएला हसत उठली आणि तुंब्यासाठी खोका काढायला कपाटात वाकली.

"दोन्या एलिदा, आता नुसतं पाणीच लागतंय," ती आतून म्हणाली. "येरबा बदलता का?"

"बदलते की. तर ते बूट निघाले भाजून, आणि हा मला म्हणतो कसा, आई, लोणी आहे का लावायला—"

हात टेबलावर गेला. दोन तुंब्यांतून त्याने आपल्या ओळखीचा उचलला, रोज सकाळी पुसून पुसून तळव्याला पाठ झालेला. चोथा टाकायच्या बादलीच्या काठावर उपडा करून तिने ठोकला. निघेना, म्हणून जोरात ठोकला आणि नळीने खरवडला.

ओली येरबा पडते ती थप्पकन. ही सळसळत पडली. आवाज आधी कानाला कळला, मग एलिदाला.

मारीएला खोका घेऊन वळली. ग्रंथालयाचा तुंबा टेबलावर तसाच भरलेला होता. ती बादलीशी गुडघे टेकून, वरवरची पानं चिमटीने उचलून कागदावर ठेवू लागली. खाली कालपासूनची ओली येरबा होती, आणि कोरडी तिच्यात भिजत चालली होती.

"ही त्याची," ती म्हणाली. "ही पण. ही... ही आपली असेल."

"राहू दे."

"वरची तरी काढते."

"राहू दे म्हटलं ना."

"चूक माझीये. मीच म्हणाले बदला."

"तू तोंडाने म्हणालीस. हात माझा होता."

इतकी वर्षं तिने सुसानावर नजर ठेवली होती. आणि केलं कुणी, तर तिने. रडू आलं नाही. तान्हं मूल हातातून निसटलं तर आईला वाटेल तशी लाज मात्र वाटली, अंगभर.

बराच वेळ तुंबा तिच्या मांडीवर होता. मग तिने डबा ओढला, तुंब्यात ताजी येरबा भरली, नळी खोचली आणि पाणी ओतलं. वर्षानुवर्षं कोरडा राहून तुंब्याला चीर गेली होती, तिच्यातून पाणी झिरपून टेबलावर पडायला लागलं. तिने पुसलं नाही. पहिला घोट स्वतः घेतला. दुसरा मारीएलाला दिला, तिने पिऊन परत केला. तिसऱ्या वेळी एलिदा ओतायला लागली, तेव्हा मारीएलाने थर्मास तिच्या हातातून काढून घेतला, स्वतः पाणी ओतलं आणि गळका तुंबा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

एलिदाने तुंब्याकडे पाहिलं.

"ग्रासियास," ती म्हणाली.

मारीएलाचे हात तसेच पुढे राहिले. एलिदाने टॉवेलाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि टेबलाचा आधार घेत उठली.

"रिकामा कर, धू आणि उपडा वाळत घाल," ती म्हणाली. "ओला ठेवलास तर बुरशी येईल."