बटणाचा पुरावा

बेकरीच्या माडीवर संध्याकाळी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग भरायचा. बाईंचा नियम कडक. वाक्य खरं हवं आणि त्याचा पुरावा टेबलावर ठेवायचा. आजचं क्रियापद होतं ‘प्रूव्ह’, म्हणजे सिद्ध करणं.

वर्गात शिंप्याची बायको घड्याळवाल्याच्या वाक्यांना खुदकन हसायची. त्याच्यावर मात करायची म्हणून शिंपी महिनाभर मशीनवर क्रियापदं घोकत होता. त्या नादात एका पँटचे दोन्ही पाय त्याने डावेच शिवले.

आज शेजारी बसलेल्या घड्याळवाल्याच्या कोटावर त्याची नजर गेली. मधलं बटण नवं होतं. बुडाशी दोऱ्याचे घट्ट वेढे, गाठ आतून दडवलेली. हा टाका त्यानेच बायकोला शिकवला होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तो ताडकन उठला. “धिस बटण प्रूव्ह्ज...” इंग्रजी तिथंच संपलं. “माझी बायको याच्या दुकानात जाते!”

घड्याळवाल्याने कोट काढून टेबलावर ठेवला. “पुरावा हजर आहे. थंडी वाजतेय, जरा लवकर आटपा.”

बायको उठली. “बटण मीच लावलंय. परवा, आपल्याच दुकानात, तुमच्यासमोर बसून.”

“माझ्यासमोर?”

“यांनी कोट पुढे करून तुम्हाला हाक मारली. तुम्ही मान खाली घालूनच म्हणालात, ‘ठेवा खुर्चीवर.’ खुर्चीवर मी बसले होते!”

वर्ग खो खो हसला. शिंप्याला परवाचा दिवस आठवेना. आठवलं ते फक्त क्रियापद.

“मग तुमचं वाक्य?” बाईंनी तिला विचारलं.

“धिस बटण प्रूव्ह्ज, माझा नवरा असून नसल्यासारखा.”

अर्धं मराठी होतं, तरी बाईंनी खडूने फळ्यावर लिहिलं.

घरी जाताना शिंपी म्हणाला, “पण त्याच्या वाक्यांना हसतेस ते?”

“गमतीची असतात, अहो.”

“आणि माझी?”

“तुमची मला ऐकवलीत कुठं? सगळी मशीनला सांगता.”

दुसऱ्या दिवशी शिंप्याने मशीन थांबवली, मान वर केली आणि बायकोकडे बघत एक वाक्य म्हटलं. साफ चुकलं. ती हसली.

घड्याळवाल्याच्या वाक्याला हसते तेवढी मात्र नाही, असं त्याला वाटलं. मग त्याने दुसरं म्हटलं.